नाव सोडा, पत्ता बघा

पत्र:

ताई, मी घरूनच ऑडिओबुक्स रेकॉर्ड करते, कामाला एकच लॅपटॉप आहे, विंडोज ११ वाला. गेले दोन आठवडे रात्री तो स्लीपला जातच नाहीये, मी झोपते आणि त्याचा पंखा आपला घूं घूं चालूच. काल टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर 'विंडोज ऑडिओ डिव्हाइस ग्राफ आयसोलेशन' असं काहीतरी वरच बसलेलं, सीपीयू १२ टक्के, आणि तेव्हा गाणं-बिणं काहीही लागलेलं नव्हतं. खाली अजून एक होतं, 'रिअलटेक एचडी ऑडिओ युनिव्हर्सल सर्व्हिस'. भाचा म्हणाला, मावशी व्हायरस आहे, फाइलच उडवून टाक. नेटवर शोधलं तर एका साइटवर लाल अक्षरात 'धोकादायक' लिहिलेलं आणि खाली त्यांचाच फिक्सर, तो डाउनलोड केला पण चालवायची हिंमत झाली नाही. खरं सांगू, माझी भीती वेगळीच आहे. माझा माईक दिवसभर लावलेला असतो. हे माझं बोलणं ऐकतंय का?
– माईकवाली मावशी

उत्तर:

अहो मावशी, तुमच्या पत्रातली सगळ्यात संशयास्पद गोष्ट मला कोणती वाटली माहितेय का, तो फिक्सर. चालवला नाहीत ते फार बरं केलंत. अशा साइट्सकडे जगातल्या हरेक प्रोसेसच्या, म्हणजे मागे चालू असलेल्या प्रोग्रामच्या, नावाचं एकेक पान तयार असतं, मजकूर सगळीकडे तोच, फक्त नाव बदललेलं, आणि खाली तेच डाउनलोडचं बटण. तुम्ही नोटपॅडचं नाव शोधलंत तरी तिथे काहीतरी लाल सापडेलच. आणि भाच्याला माझा नमस्कार सांगा, पण फाइल उडवायची नाही म्हणावं. मी हे शहाणपण स्वतः मार खाऊन शिकलेय. खूप वर्षांपूर्वी असंच एकदा घाबरून मी विंडोज ऑडिओची अख्खी सर्व्हिसच बंद करून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी कॉलवर सगळे 'आवाज येत नाहीये, आवाज येत नाहीये' करत होते आणि मी हेडफोनची वायर हलवत बसले होते, अर्धा तास. आपणच आदल्या रात्री काय उद्योग केलाय ते डोक्यातून साफ गेलं होतं.

तर आधी ही दोन मंडळी कोण ते बघू.

'ग्राफ आयसोलेशन' हे नाव ऐकायला एखाद्या हेरखात्यासारखं वाटतं, पण काम अगदी साधं आहे. पूर्वी, म्हणजे विंडोज एक्सपीच्या काळात, आवाज मिसळायचं काम विंडोजच्या पार गाभ्यात चालायचं, त्यामुळे साउंड कार्डाचा एखादा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, गडबडला की अख्खा कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर जाऊन आपटायचा. २००७ साली विंडोज व्हिस्टा आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने हा सगळा भाग गाभ्यातून बाहेर काढला आणि साउंड कार्ड कंपन्यांचे जे इफेक्ट असतात, बास वाढवणं, मागचा गोंगाट कापणं, आवाजाची पातळी सारखी करणं वगैरे, त्यांना एक वेगळी खोली दिली. ती खोली म्हणजे ही प्रोसेस. आत कुणी गोंधळ घातला तर ती एकटी कोसळेल, मूळची ऑडिओ सर्व्हिस चालू राहील. आयसोलेशन ते एवढंच. तिच्या फाइलचं नाव इंग्रजीत ऑडिओडीजी, पुढे डॉट ईएक्सई.

दुसरी, रिअलटेकवाली, ही तुमच्या लॅपटॉपमधल्या साउंड चिपच्या ड्रायव्हरसोबत आलेली असते. हेडफोन खुपसला की 'काय लावलंत हो' असं विचारणारी ती छोटी खिडकी वगैरे कामं हिच्याकडे असतात. रिअलटेकची चिप इतक्या लॅपटॉपमध्ये असते की ही प्रोसेस नसलेला लॅपटॉपच शोधावा लागेल.

म्हणजे नावावरून दोघीही सभ्य घरच्या. पण मावशी, नावाचं काय, नाव कुणीही कुठलंही लावू शकतं. मी आत्ता एखादा फालतू प्रोग्राम लिहिला आणि त्याला ऑडिओडीजी नाव ठेवलं तर मला अडवणारं कुणी नाहीये, आणि जी मंडळी वाईट प्रोग्राम लिहितात ती तर मुद्दाम अशीच नावं घेतात, कारण टास्क मॅनेजरमध्ये 'ऑडिओ' दिसलं की माणूस पुढे सरकतो. म्हणून नावावरून ना घाबरायचं ना निर्धास्त व्हायचं, पत्ता बघायचा. फाइल कुठे राहते ते.

हे करायला एक मिनिट लागतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्या ओळीवर राइट क्लिक करा, 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. एक फोल्डर उघडेल आणि त्यात ती फाइल निवडलेली दिसेल. ऑडिओडीजीचा पत्ता सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात सिस्टम३२, बस, हाच एक पत्ता आहे. विंडोजच्या विनएसएक्सएस नावाच्या गोदामातही तिची प्रत पडलेली असते, सर्च केलंत तर ती सापडेल, तिला घाबरू नका, पण चालू असलेली प्रोसेस सिस्टम३२ मधूनच चाललेली हवी. रिअलटेकची फाइल बहुतेक वेळा सिस्टम३२ च्याच आत ड्रायव्हरस्टोअर नावाच्या फोल्डरात, लांबलचक विचित्र नावाच्या सबफोल्डरमध्ये असते, जुन्या ड्रायव्हरची असेल तर प्रोग्राम फाइल्समध्ये रिअलटेकच्या फोल्डरात. ते लांब नाव बघून 'हे काय भलतंच' असं वाटेल, पण ड्रायव्हरस्टोअरमध्ये सगळ्यांचीच नावं तशी असतात.

आता पत्त्याला एवढं महत्त्व का देतेय, तर सिस्टम३२ मध्ये काही टाकायचं तर ॲडमिनची परवानगी लागते, म्हणजे ती स्क्रीन काळवंडून 'येस की नो' विचारणारी खिडकी येते ना, ती. आणि विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सची मालकी तर ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाच्या वेगळ्याच खात्याकडे असते, ॲडमिनलाही त्या सरळ बदलता येत नाहीत. उलट तुमच्या युजर फोल्डरातलं ॲपडेटा, त्यातलं रोमिंग, किंवा टेम्प, इथे काहीही टाकायला कुणालाच विचारावं लागत नाही. त्यामुळे चोरून आलेला प्रोग्राम बहुतेकदा तिथेच बिऱ्हाड करतो, त्याला दुसरीकडे कुणी सहज घरात घेत नाही. अर्थात ॲपडेटामध्ये आहे म्हणजे चोरच असं नाही हां, कितीतरी चांगली चॅट ॲप्स आणि ब्राउझरसुद्धा तिथेच राहतात. पण विंडोजचं नाव लावायचं आणि राहायचं ॲपडेटात, हे मात्र शंभर टक्के खोटं.

माझ्या एका मित्राच्या कॉम्प्युटरवर हे मी डोळ्यांनी बघितलंय. तो संगीताचं मिक्सिंग करतो, कुठूनतरी प्लगइनचा, म्हणजे मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांचा, फुकटातला गठ्ठा उतरवला होता, विकतचे प्लगइन क्रॅक करून ठेवलेले, आणि त्यानंतर मशीन रेंगाळायला लागलं. गंमत म्हणजे टास्क मॅनेजर उघडला की पंखा शांत, बंद केला की परत सुरू. असले प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडलाय का यावर नजर ठेवून असतात आणि तेवढ्यापुरते साळसूद होतात, त्यामुळे 'मी बघितलं तेव्हा तर शून्य टक्के होतं' याला काही अर्थ नसतो. आम्ही दोघं यादी खालून वर वाचत होतो आणि तीनदा त्या नावावरून पुढे गेलो, रिअलटेक, रिअलटेक, ठीक आहे. चौथ्यांदा पत्ता बघितला तर रोमिंगमध्ये. मग फाइलचं नाव कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट केलं, कारण नोटपॅडच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर वेगळं दिसतं, आणि तिथे उलगडा झाला, रिअलटेकच्या स्पेलिंगमध्ये छोट्या एलच्या जागी कॅपिटल आय होता. टास्क मॅनेजरच्या फॉन्टमध्ये दोन्ही नुसती उभी रेघ दिसतात. तो बिचारा म्हणाला, अरे मी रोज स्क्रीनवर लहरी बघून अर्ध्या डेसिबलचा फरक ओळखतो आणि हे दिसलं नाही. हे कुणालाच दिसलं नसतं.

पत्ता बरोबर निघाला तर पुढची पायरी सही. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे 'डिजिटल सिग्नेचर्स' नावाचा टॅब. रिअलटेकच्या फाइलवर रिअलटेक सेमीकंडक्टर किंवा मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअर विभागाची सही असते, दोन्ही चालतं, कारण ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टकडून तपासून आला की त्यांचा शिक्का बसतो. नुसतं नाव वाचून थांबू नका, त्यावर क्लिक करून 'डिटेल्स' उघडा, वर सही ठीक आहे असं लिहून आलं पाहिजे. आणि विंडोजच्या स्वतःच्या फाइलवर हा टॅब दिसलाच नाही तर लगेच दचकू नका, त्यांच्या बऱ्याच फाइल्सच्या सह्या एका वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये एकत्र ठेवलेल्या असतात, प्रॉपर्टीजच्या खिडकीला त्या दिसत नाहीत. इथेच लोक फसतात आणि 'सही नाही, व्हायरस' म्हणून मोकळे होतात.

हा सगळा खटाटोप नको असेल तर प्रोसेस एक्सप्लोरर नावाचं टूल घ्या, फुकट आहे, सिसइंटर्नल्सचं आहे, आणि सिसइंटर्नल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टचंच आहे त्यामुळे थेट मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून उतरवा, दुसरीकडून अजिबात नको. त्यात 'ऑप्शन्स'मध्ये सह्या तपासायचा पर्याय आहे, तो लावला की प्रत्येक प्रोसेससमोर सही करणाऱ्याचं नाव येतं, कॅटलॉगवालीसुद्धा. त्याच मेनूत व्हायरसटोटलचाही पर्याय आहे. तो लावलात की फाइलचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा तिचा एक आकडा, व्हायरसटोटलकडे जातो आणि सत्तरेक अँटिव्हायरसपैकी किती जणांना ती फाइल वाईट वाटते ते समोर छापून येतं. शून्य आलं तर उत्तम. एखाद-दुसऱ्याने, तेही कधी न ऐकलेल्या नावाच्या इंजिनने, बोट दाखवलं तर बहुतेक वेळा खोटा अलार्म असतो. पंधरा-वीस जणांनी दाखवलं तर वाद घालत बसू नका. फक्त एक लक्षात ठेवा, हॅश पाठवणं वेगळं आणि अख्खी फाइल अपलोड करणं वेगळं, व्हायरसटोटलवर अपलोड केलेली फाइल त्यांच्या सभासद कंपन्यांना बघता येते, तेव्हा तुमचं अजून प्रकाशित न झालेलं रेकॉर्डिंग किंवा करारपत्र तिथे 'सहज तपासायला' म्हणून टाकू नका.

आता तुम्ही म्हणाल, पत्ता बरोबर, सही बरोबर, मग झालं की. बहुतेक वेळा झालंच. पण तुमचा खरा प्रश्न 'ऐकतंय का' हा आहे आणि त्याचं उत्तर सहीत नसतं. सही फक्त एवढं सांगते की फाइल कुणी बनवली आणि नंतर कुणी तिच्यात ढवळाढवळ केलेली नाही. ती फाइल आत काय करते याबद्दल सही एक अक्षर बोलत नाही. आणि कधी कधी 'कुणी बनवली' याचंही उत्तर खोटं निघतं. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा फार गाजलेला व्हायरस सापडला, त्याच्या ड्रायव्हर फाइल्सवर चक्क रिअलटेकची सही होती, तीच तुमची साउंड चिपवाली कंपनी. सहीची किल्ली चोरीला गेली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या सहीचं सर्टिफिकेट रद्द केलं गेलं. हे ऐकून घाबरू नका, तो प्रकार अणुप्रकल्पातल्या यंत्रांच्या मागे लागलेला होता, ऑडिओबुकच्या नाही, पण सहीला देवाचा शिक्का समजू नये एवढ्यासाठी सांगितलं.

तुमच्या भीतीच्या जास्त जवळचं उदाहरण २०१७ चं आहे. एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये कोनेक्सन्ट कंपनीचा ऑडिओ ड्रायव्हर होता आणि त्यासोबत माइकट्रे नावाची एक प्रोसेस मागे चालायची. खरी कंपनी, ड्रायव्हरसोबत अधिकृतपणे आलेली, चोर-बीर कुणी नाही. तिचं काम काय, तर माईक म्यूट करायची कळ दाबली का ते बघणं. पण ते बघण्यासाठी ती कीबोर्डवरची प्रत्येक कळ बघत होती आणि काही आवृत्त्यांमध्ये ते सगळं, पासवर्डसकट, पब्लिक युजरच्या फोल्डरात एका साध्या लॉग फाइलमध्ये लिहून ठेवत होती, कुणीही उघडून वाचावं अशी. मॉडझीरो नावाच्या स्विस सुरक्षा कंपनीने मे महिन्यात हे उघड केलं, मग एचपीने दुरुस्त ड्रायव्हर काढला. यात हेरगिरीचा हेतू नव्हता, डेव्हलपरने स्वतःच्या तपासणीसाठी लिहिलेला भाग काढायचा राहून गेला, असंच कंपनीचं म्हणणं होतं. पण तुमच्या पासवर्डला हेतूशी काय घेणं! आणि बघा ना, माईकचा प्रोग्राम, सगळे माईककडे बघत बसणार आणि तो लिहीत होता कीबोर्ड.

म्हणून तिसरी गोष्ट बघायची ती वागणूक, आणि त्यात दोनच प्रश्न, माईक कोण वापरतंय आणि नेटवर कोण बोलतंय.

माईकचं सोपं आहे. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन इथे जा, खाली ॲप्सची यादी येते आणि प्रत्येकासमोर शेवटचा माईक कधी वापरला त्याची वेळ असते, आत्ता वापरत असेल तर तसंही लिहिलेलं असतं. २०१९ पासून माईक चालू असला की घड्याळाजवळ माईकचं छोटं चिन्हही येतं. रात्री रेकॉर्डिंग संपलं, सगळं बंद केलं, तरी ते चिन्ह तिथेच असेल तर त्यावर माऊस न्या, ते वापरणाऱ्याचं नाव सांगेल. याला एक फट आहे, जो प्रोग्राम स्वतःचा ड्रायव्हर टाकून थेट हार्डवेअरशी बोलतो तो या यादीतून निसटू शकतो. पण तुमच्याकडे यूएसबी माईक असेल तर याहून सोपा उपाय तुमच्या हातातच आहे, काम झालं की उपटून ठेवा, त्यापुढे कुठलाच प्रोग्राम काही करू शकत नाही. लॅपटॉपचा आतला माईक मात्र विसरू नका, सगळे तोच विसरतात, तो डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करता येतो.

नेटचं बघायला रिसोर्स मॉनिटर उघडा, त्यात नेटवर्क टॅब, कुठली प्रोसेस कुठे किती पाठवतेय ते तिथे चालू दिसतं. ऑडिओडीजीला इंटरनेटशी काही म्हणजे काही देणंघेणं नाही, तिचं नाव त्या यादीत दिसलं तर ती मोठीच खूण समजा. रिअलटेकच्या सर्व्हिसलाही तिथे काम नाही. पण तुम्ही रेकॉर्डिंगवाल्या आहात म्हणजे प्लगइन असणार, आणि प्लगइन कंपन्यांची लायसन्स तपासणारी मंडळी मागे चालू असतात, आयलॉकची असते, नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सची असते, ती अधूनमधून थोडंसं नेटवर बोलणारच, लायसन्स तपासणं हेच त्यांचं काम. थोडंसं हा शब्द महत्त्वाचा. दिवसाकाठी चार किलोबाइट वेगळे आणि तुम्ही बोलत असताना सतत बाहेर जाणारा प्रवाह वेगळा.

बरं, आता तुमच्या त्या रात्रीच्या पंख्याकडे येऊ, कारण माझा अंदाज आहे की तुमचा चोर घरातलाच आहे आणि तो तुम्हीच आहात!

विंडोजमध्ये आवाजाचा कुठलाही प्रवाह चालू असेल, मग तो अगदी निःशब्द का असेना, तर लॅपटॉप आपणहून स्लीपला जात नाही. रात्री झोपायच्या आधी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघडा आणि इंग्रजीत टाइप करा, पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश आणि रिक्वेस्ट्स. कोण कोण लॅपटॉपला जागं ठेवतंय त्याची यादी येईल. तिथे रिअलटेकच्या किंवा तुमच्या माईकच्या ड्रायव्हरखाली 'ऑडिओ स्ट्रीम वापरात आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर पकडलं. मग एकेक गोष्ट बंद करत जा आणि तीच कमांड परत चालवा, ओळ ज्या क्षणी गायब होईल तो तुमचा गुन्हेगार. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर नुसतं पॉजवर उघडं ठेवलं तरी बऱ्याचदा ते प्रवाह धरून बसतं. ब्राउझरचा एखादा टॅबही धरतो. पण माझा सगळ्यात जास्त संशय 'लिसन टू धिस डिव्हाइस'वर आहे. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकू यावा म्हणून तुम्ही कधीतरी ती टिक लावली असणार, व्हॉइसवाले सगळेच लावतात. ती लावली की माईक ते हेडफोन असा नळ चोवीस तास उघडा, त्यावर इफेक्ट लागणार, आणि ते इफेक्ट कुठे चालतात, तर त्या आयसोलेशनवाल्या खोलीत. तुमचे १२ टक्के तिथे जात असावेत. जुनं साउंड कंट्रोल पॅनल उघडून रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये माईकच्या प्रॉपर्टीज बघा, 'लिसन' टॅबमध्ये ती टिक सापडेल, काढा.

त्यासोबत सेटिंग्जमध्ये सिस्टम, साउंड, तुमचा माईक, आणि तिथे 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' ऑफ करून टाका, स्पीकरचंही तसंच. सीपीयू झटकन खाली येईल. आणि हे तुमच्या कामासाठीही बरंच आहे, ते गोंगाट कापणारं प्रकरण श्वासाचे आणि शब्दाच्या शेवटाचे बारीक आवाजही कापतं, नंतर एडिट करताना वाटतं की मी 'ह' नीट उच्चारतच नाही की काय.

एवढं करूनही पत्ता चुकीचा निघाला, समजा रिअलटेकचं नाव आणि घर रोमिंगमध्ये, तर 'एंड टास्क' करून हुश्श करू नका, आणि फाइल एकटी डिलीट करूनही भागत नाही, तिला रोज उठवणारी नोंद कुठेतरी स्टार्टअपमध्ये किंवा टास्क शेड्युलरमध्ये असते, ती परत आणून बसवते. नेट तोडा. विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' लावा, लॅपटॉप रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात, त्या वेळी लपलेल्याला लपायला जागा नसते. मग पासवर्ड बदला, पण दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून, त्याच लॅपटॉपवर नव्हे, नाहीतर नवा पासवर्ड आपणच चोराच्या हातात दिल्यासारखं. आणि रेकॉर्डिंग्जची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढताना फक्त ऑडिओ फाइल्स आणि प्रोजेक्ट घ्या, इन्स्टॉलर आणि प्लगइन नकोत.

तुमच्या भाच्याकडे मॅक असेल आणि तो आता स्वतःचा तपासायला निघाला असेल तर त्याला सांगा, तिकडे याच जातीची प्रोसेस कोअरऑडिओडी नावाची असते, तीही मॅकचीच, आणि माईक चालू असला की वरच्या पट्टीत नारिंगी ठिपका येतो, तो बघायचा. लिनक्सवर पाइपवायर किंवा पल्सऑडिओ. तिथेही कुणी 'उडव' म्हणालं तर ऐकायचं नाही.

साउंड ड्रायव्हर जुना असेल तर एकदा नवा टाकून घ्या, पण लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टच्या पानावरून किंवा विंडोज अपडेटमधूनच, 'तुमचे १७ ड्रायव्हर कालबाह्य आहेत' म्हणून ओरडणाऱ्या कुठल्या ॲपकडून नाही. आणि लॅपटॉपसोबत आवाज 'सिनेमासारखा' करणारं एखादं जास्तीचं ॲप आलेलं असेल, जे तुम्ही एकदाही उघडलेलं नाही, तर ते खुशाल अनइन्स्टॉल करा. ते व्हायरस नसेलच, पण तुम्हाला नको असलेली गोष्ट तुमच्या माईकच्या मधे बसलीच का, एवढं कारण मला पुरतं.

तो फिक्सर अजून डाउनलोड्समध्ये पडलेला असेल, उघडून बघायच्या मोहात पडू नका, सरळ डिलीट करा आणि रीसायकल बिनही रिकामं करा. ती टिक सापडली का, आणि रिअलटेकबाईंचा पत्ता काय निघाला, ते मात्र नक्की कळवा.

– ताई